काठी खरोखरच फिरते

शेतात बोअर घ्यायचा ठरला, की महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पहिला निरोप जातो तो पाणाड्याला. उन्हे चढायच्या आत तो येतो. कुणाच्या हातात कडुनिंबाची ओली, बेचक्याची फांदी असते, कुणाच्या हातात काटकोनात वाकवलेल्या दोन तारा. कुणी तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवून बांधाबांधाने चालतो आणि नारळ जिथे उभा राहील तिथे टाच रोवतो. पायाने जन्मलेला, म्हणजे पायाळू माणूस असेल तर त्याला काठीचीही गरज नाही, भूमीतले पाणी त्याला आपोआप कळते, असाही समज आहे. मग त्या जागी चुन्याची फुली पडते, उदबत्ती लागते, नारळ फुटतो आणि तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेला रिग रात्रभर धडधडत राहतो. पैसे फुटावर मोजायचे, केसिंगचे वेगळे.

या प्रकाराला हसणे सोपे आहे. पण हसणारे बहुधा एक गोष्ट विसरतात. ती काठी खरोखरच फिरते.

करून पाहण्यासारखे आहे. बेचक्याची ओली फांदी घ्यावी, दोन्ही टोके तळवे वर करून मुठीत धरावीत आणि किंचित बाहेर ताणावीत. आता फांदीत ताण साठला आहे आणि तिचा तोल अगदी कडेवर आला आहे. मनगट आपल्याला जाणवणारही नाही इतके वळले, तरी पुढचे टोक झटक्यात खाली जाते. कधी एवढ्या जोराने, की मुठीत साल सोलून निघते. धरणाऱ्याला वाटते, कुणीतरी खालून ओढले. पाणाड्या जेव्हा शपथेवर सांगतो की ‘मी काही केले नाही, काठीच वळली’, तेव्हा तो बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्यामुळे त्याला सरसकट लबाड ठरवून हा प्रश्न सुटत नाही. प्रामाणिक माणूस, डोळ्यांदेखत घडणारी घटना, शेकडो साक्षीदार आणि तरीही दावा चुकीचा, असे होऊ शकते का? विज्ञान आणि विज्ञानासारखे दिसणारे काहीतरी, यांतला फरक शोधायला यापेक्षा चांगली जागा नाही.

या कोड्यात प्रयोगाने हात घातला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याने. स्निग्ध पदार्थांच्या रसायनशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस १०२ वर्षे जगला. त्याच्या काळात दोऱ्याला कडी बांधून तो लोलक धातूवर किंवा पाण्यावर धरायची टूम होती. लोलक आपोआप झुलू लागे. शेव्रलने तो पाऱ्यावर धरला. झुलला. मध्ये काचेची पट्टी सरकवली, तर झोका मंदावला. एखादा उतावळा असता तर ‘काच पाऱ्याची शक्ती अडवते’ असा निबंध लिहून मोकळा झाला असता. शेव्रलने आधी हाताला आधार दिला. आधार बोटांच्या जवळ नेत गेला तसा झोका कमी होत गेला. मग त्याने डोळे बांधून घेतले आणि काच कधी सरकवायची, कधी काढायची हे दुसऱ्यावर सोपवले. आता काच असो वा नसो, लोलकाला काही फरक पडेना. म्हणजे काच शक्ती अडवत नव्हती; काच ‘दिसली’, की हात थांबत होता. १८३३ मध्ये त्याने हे सारे भौतिकशास्त्रज्ञ अँपियरला लिहिलेल्या खुल्या पत्रात छापले. आपल्याच हातावर अविश्वास दाखवण्याची ही हिंमत या सगळ्या हकिकतीत फार थोड्यांनी दाखवली आहे.

वीस वर्षांनी लंडनमध्ये टेबले फिरू लागली. चारचौघे टेबलावर हात ठेवून बसत आणि मृतात्मे टेबल हलवतात असे म्हणत. आपल्याकडच्या वसतिगृहांत प्लँचेटच्या नावाने वाटी फिरवतात, त्याचाच हा मोठा भाऊ. मायकेल फॅरेडेने १८५३ मध्ये हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, थरांमध्ये मऊ चिकट लेप दिला. टेबल आधी हलले असते, तर खालचे थर पुढे गेले असते. प्रत्यक्षात वरचे थर पुढे सरकलेले आढळले; हातच ढकलत होते. पुढे त्याने हाताचा रेटा दाखवणारा एक काटा बसवला. बसलेल्यांना काटा दिसू लागला, तेव्हा टेबल हलायचेच थांबले. विल्यम कार्पेंटर या डॉक्टरने १८५२ मध्येच या प्रकाराला नाव दिले होते. मनात अपेक्षा आली, की स्नायू नकळत हलतात. इच्छा लागत नाही, लबाडी तर मुळीच नाही. या आयडिओमोटर परिणामाने काठी, तारा, नारळ, लोलक, वाटी आणि टेबल या सगळ्यांचा उलगडा होतो.

पण काठी हाताने वळते हे सिद्ध झाले, म्हणून पाणी लागत नाही असे सिद्ध होत नाही. पाणाड्याच्या नकळत त्याच्या हाताला काही कळत असले तर? शंका रास्त आहे. गावोगाव ‘अमक्याने दाखवलेल्या जागी दोन इंची पाणी लागले’ असे सांगणारे शेतकरी भेटतात आणि तेही खोटे बोलत नाहीत.

इथे जमिनीकडे पाहावे लागते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. या काळ्या पाषाणात भूमिगत नद्या वाहत नाहीत. पाणी असते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात, कुठे भरपूर तर कुठे नावापुरते. पण ‘थोडेफार पाणी लागणे’ हा काही दुर्मीळ चमत्कार नाही. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात तर पाणी चुकवणेच कठीण. तेव्हा पाणाड्याच्या दहा जागांपैकी सहा ठिकाणी पाणी लागले, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच शिवारात डोळे मिटून दहा ठिकाणी खडे टाकले असते आणि तिथे बोअर मारला असता, तर किती ठिकाणी पाणी लागले असते? ही दुसरी संख्या हवी. ती कुणाकडे नसते, कारण लाखभर रुपये घालून मुद्दाम भलत्या जागी बोअर कोण मारणार?

कोरडा गेलेला बोअर मात्र हिशेबात येत नाही. ‘आणखी पन्नास फूट गेला असता तर लागले असते’, ‘रिगवाल्याने खूण हातभर चुकवली’, ‘झऱ्याने वाट बदलली’ अशी कारणे तयार असतात. पाणी लागले तर विद्या खरी; नाही लागले तरी विद्या खरीच, दोष दुसऱ्याचा. ज्या दाव्याला हरायची वाटच ठेवलेली नाही, तो दावा जिंकला याचा अर्थ शून्य. वजन कमी करणाऱ्या चूर्णापासून घरातली ‘नकारात्मक ऊर्जा’ मोजणाऱ्या यंत्रापर्यंत कुठलीही जाहिरात समोर आली, तर पहिल्यांदा हेच विचारावे, की काय घडले तर तुम्ही चुकलात असे तुम्ही मान्य कराल?

जुन्या जाणत्या पाणाड्याला काहीच कळत नाही, असेही नाही. उतार कुठे उतरतो, उन्हाळ्यात कुठले गवत हिरवे राहते, उंबर कुठे आहे, शेजारच्या विहिरीची पातळी किती, हे त्याच्या नजरेला दिसते आणि तिथे पोचल्यावर काठी वळते. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तल्या दकार्गल प्रकरणात झाडे, वारुळे आणि मातीचे रंग यांवरून पाण्याचे अंदाज बांधले. त्यांतले सगळे खरे नसतील. पण ती विधाने अशी आहेत की अमुक झाड, अमुक दिशा, अमुक खोली. जाऊन खणता येते आणि खोटे पाडता येते. १५५६ साली छापलेल्या खाणकामावरच्या ग्रंथात जर्मनीच्या जॉर्जियस अॅग्रिकोलाने काठी घेऊन डोंगरावर फिरणाऱ्यांचे चित्र दिले आणि जाणत्या खाणकामगाराला काठीची गरज नाही, निसर्गातल्या खुणा पुरतात, असा शेराही मारला.

आज भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा किंवा खासगी भूवैज्ञानिक येतो, तेव्हा तो जमिनीत चार खुंट्या ठोकतो. दोन खुंट्यांमधून वीज सोडायची, दुसऱ्या दोन खुंट्यांमधला विद्युतदाब मोजायचा. ओलसर, झिजलेला खडक विजेला कमी विरोध करतो, अखंड पाषाण जास्त. खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले, की अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो. त्याचेही बोअर कोरडे जातात, हे शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. फरक इतकाच, की त्याचा अंदाज खणण्याआधी आकड्यांत कागदावर उतरतो, तीच मोजणी दुसरा माणूस पुन्हा करू शकतो आणि कोरडा गेलेला बोअरही नोंदीत राहून पुढच्या अंदाजाला कामी येतो.

बोअर मारणे महाग आहे, पण पाणाड्याची परीक्षा स्वस्तात होते. जर्मनीत कासेल इथे १९९० मध्ये ती झाली. सपाट मैदानात अर्धा मीटर खोल प्लास्टिकची नळी पुरली, ती कुठून जाते हे वर पट्टीने दाखवले. प्रश्न एकच: आत्ता नळीतून पाणी वाहते आहे की नाही? तोटी चालू ठेवायची की बंद, हे नशिबावर ठरे आणि मैदानावरच्या कुणालाच ते माहीत नसे. तीस पाणाडे आले. परीक्षेच्या अटी रास्त आहेत हे त्यांनी आधी मान्य केले आणि यशाची त्यांना खात्री होती. तीन दिवसांनी हिशेब झाला, तेव्हा निकाल नाणेफेकीपेक्षा वेगळा नव्हता. अशा परीक्षा घेण्यात हयात घालवलेला जादूगार जेम्स रँडी आधी एक उघड फेरी घेत असे. पाणी कुठे आहे ते सांगूनच काठी धरायला लावायची. काठी बरोबर वळली, की विचारायचे, ‘आज सगळे ठीक चालले आहे ना? जमीन, हवा, मन?’ उत्तर ‘हो’ आले, की मग पडदा टाकायचा. नंतरच्या सबबींची दारे आधीच बंद!

कासेलच्या थोडे आधी म्युनिकच्या भौतिकशास्त्रज्ञांनी सरकारी पैशातून याहून मोठा प्रयोग केला होता. दुमजली कोठाराच्या तळमजल्यावर गाड्यावर ठेवलेली नळी, वरच्या मजल्यावर पाणाडे. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले, ८४३ चाचण्या घेतल्या. बहुतेकांना काही जमले नाही हे संशोधकांनीही मान्य केले, पण मोजक्या सहा जणांत ‘निर्विवाद’ सिद्धी दिसते, असा निष्कर्ष काढला. कॅलिफोर्नियातल्या जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. चाळीसेक लोकांनी पुन्हा पुन्हा नाणी उडवली, तर कुणाचे तरी सलग सहा-सात छाप पडणारच. नंतर त्यालाच ‘छाप-सम्राट’ म्हणायचे, तसे इथे झाले होते. निवडलेले वीरही पुढच्या मालिकेत आपले यश टिकवू शकले नव्हते. त्यांतला सर्वोत्तम पाणाड्या कोठाराच्या मधोमध डोळे झाकून बोट ठेवणाऱ्यापेक्षा किती सरस ठरला? दहा मीटरांत सरासरी ४ मिलिमीटर. म्हणजे प्राध्यापक, विद्यापीठ, अनुदान, आलेख असे सगळे साग्रसंगीत असूनही विज्ञान हातून निसटू शकते. कोण जिंकले हे आधी न ठरवता निकाल पाहून ठरवले, की झाले.

पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी हीच काळजी आधी घेतली. विषय पाण्याचा नव्हता, फलज्योतिषाचा होता. सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवून एवढेच विचारले, की ही कुणाची? पास व्हायला किती बरोबर यायला हवीत, हे उत्तरे येण्याआधी ठरले होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नुसता छापा-काटा केला असता तर ५० आले असते.

चुकणे म्हणजे भोंदूपणा नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले, की जिनिव्हाजवळच्या सर्नमधून ७३० किलोमीटरवर पाठवलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी पोचतात. आइन्स्टाइन चुकला, अशा बातम्या जगभर झळकल्या. शास्त्रज्ञांचे म्हणणे मात्र वेगळे होते: आम्ही महिनोन्महिने आमचीच चूक शोधतो आहोत, सापडत नाही, तुम्ही शोधून द्या. काही महिन्यांत सापडली. प्रकाशतंतूची एक जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. निष्कर्ष साफ चुकला, पण वागणे शास्त्राला धरून होते.

याच्या नेमके उलटे वागणे कसे असते, हे त्याच सुमारास बगदादच्या नाक्यांवर दिसत होते. काठी आता सैन्यात भरती झाली होती. तिचे नाव एडीई ६५१. काळ्या प्लास्टिकची मूठ आणि बिजागरीवर मोकळी फिरणारी, लांब-आखूड होणारी अँटेना. आत बॅटरी नाही. वापरणाऱ्याच्या अंगातल्या स्थिरविद्युतेवर यंत्र चालते, असे सांगत. ‘विद्युतस्थितिक चुंबकीय आयन आकर्षण’ हे त्यामागचे तत्त्व. हे चारही शब्द भौतिकशास्त्रात आहेत, पण एकत्र आल्यावर त्यांना काही अर्थ उरत नाही. स्फोटके, अमली पदार्थ, हस्तिदंत, माणसे, नोटा, काहीही शोधते असा दावा. भिंतीआड, पाण्याखाली, जमिनीवर एक किलोमीटरपर्यंत आणि विमानातून पाच. हवा तो पदार्थ शोधायचा तर त्या पदार्थाचे कार्ड यंत्रात सरकवायचे.

जेम्स मॅककॉर्मिक हा इंग्लंडचा व्यापारी ते विकत होता. मूळ माल अमेरिकेतला, हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायचे म्हणून वीस डॉलरला मिळणारे खेळणे. त्याला नवे लेबल लावून तो ते हजारो डॉलरना खपवी. इराकने कोट्यवधी डॉलर यावर उधळले. २००९ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राची माणसे गाडीत दोन एके-४७ रायफली आणि गोळ्या घेऊन बगदादमधल्या नऊ नाक्यांवरून गेली. नऊही ठिकाणी हे यंत्र होते, एकदाही अँटेना वळली नाही. त्याच वर्षी ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये बगदादमध्ये प्रचंड स्फोट झाले. स्फोटकांच्या गाड्या शहरात शिरल्याच होत्या. तरीही स्फोटकविरोधी विभागाच्या इराकी सेनापतीचा विश्वास ढळला नाही. पत्रकाराच्या हातात यंत्र चालले नाही, तेव्हा सराव कमी पडतो, असे उत्तर मिळाले. पाणाड्याच्या ‘रिगवाल्याने खूण चुकवली’चे हे लष्करी रूप.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणकतज्ज्ञांनी २०१० मध्ये त्यातले एक कार्ड उकलून पाहिले. आत दुकानातल्या कपड्यांना चोरीपासून बचावासाठी लावतात तसली चकती होती, बाकी काही नाही. २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मॅककॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा दिली.

त्याच जातकुळीचे जीटी२०० हे यंत्र थायलंडच्या सैन्याने शेकड्यांनी घेतले होते. दक्षिणेतल्या बंडखोरीत ते वापरत. २००९ च्या ऑक्टोबरात यंत्राने ‘काही नाही’ म्हटलेल्या वाहनांत दोनदा स्फोट झाले, तेव्हा सरकारने चाचणी लावली. चार खोकी, एकात स्फोटक, वीस फेऱ्या, कुठल्या खोक्यात आहे ते यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नाही. नुसत्या अंदाजाने पाच वेळा बरोबर यायला हवे होते. यंत्राला चार वेळा जमले. या चाचणीला ना प्रयोगशाळा लागली, ना पदवी. ती खरेदीच्या आधी का झाली नाही, हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि दलालीचा जास्त आहे. तरीही एक बारकावा उरतो. यंत्राचा बचाव करणाऱ्या सगळ्यांनीच पैसे खाल्लेले नव्हते. नाक्यावरच्या शिपायाला ते खरेच वळताना दिसत होते. संशयित माणूस समोर आला, की मनगट हले, अँटेना फिरे, झडती होई आणि कधीतरी काहीतरी सापडेही.

जुलै २०१६ मध्ये बगदादच्या कर्राडा भागात स्फोट होऊन तीनशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर इराकच्या पंतप्रधानांनी ही यंत्रे नाक्यांवरून काढायचा हुकूम दिला. विकणारा तोवर तीन वर्षे तुरुंगात होता.

ब्रिटनमध्ये मात्र काठीची नोकरी शाबूत राहिली. २०१७ मध्ये एका तरुण संशोधिकेने तिथल्या बारा पाणीपुरवठा कंपन्यांना विचारले, की गळके नळ शोधायला तुमचे लोक अजून वाकवलेल्या तारा वापरतात का? दहा कंपन्यांकडून ‘हो’ आले. बातमी गाजल्यावर काहींनी खुलासा केला, की आमच्याकडे ड्रोन आणि उपग्रहांची चित्रेही आहेत, पण काही कर्मचाऱ्यांना जुनी पद्धतच बरी वाटते.